परिच्छेद १४

आमच्या टीममधल्या एका ज्येष्ठ अभियंत्यांना सगळे ‘ग्रंथकार’ म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तेही त्या नावाला ओ देत. हे प्रकरण त्यांच्या एका अहवालाचं आहे. तो आधी फार लांब होता. आमच्या थट्टेनंतर तो दोन ओळींचा झाला, आणि काही महिन्यांनी त्या दोन ओळींनी आमचा दीड दिवस खाल्ला. त्या दीड दिवसाचा हिशेब मांडायला बसलो तेव्हा कळलं, की ज्याला आम्ही निव्वळ गंमत समजत होतो ते खरं तर टीमचं संपादन होतं. ते चालायचं रोज, पण फार ढिसाळपणे. टीमची जबाबदारी माझ्याकडे होती, म्हणून हे लिहून ठेवणंही माझंच काम आहे.

माणसं आणि त्यांचं लिहिणं

टीम सात जणांची. पुढे लोड बॅलन्सर, म्हणजे येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांत वाटणारी यंत्रणा, त्याच्या मागे काही सर्व्हर, त्यांच्यामागे डेटाबेस, आणि हे सगळं अखंड चालू ठेवायचं. अशा कामात कोड जितका लिहावा लागतो तितकाच मजकूर लिहावा लागतो. पुल रिक्वेस्टचं (म्हणजे कोडमधला बदल स्वीकारा, या विनंतीचं) वर्णन, तो बदल तपासणाऱ्याच्या रिव्ह्यूच्या टिपा, आणि काही बिघडलं की त्याचं पोस्टमॉर्टेम, म्हणजे घटनेचा अहवाल.

ग्रंथकारांची पद्धत अशी. डिस्क भरल्याचा अहवाल असेल, तर त्या सर्व्हरवर लॉग ठेवायचा निर्णय मुळात कधी आणि का झाला, इथून सुरुवात. बदल एका ओळीचा असला तरी त्यावरची त्यांची टीप स्क्रीनवर मावायची नाही. चॅटवर ‘सर, हे डिप्लॉय करू का?’ (म्हणजे बदल चालू सेवेत टाकू का) असं विचारलं, तर ‘हो’ पाचव्या वाक्यात मिळायचं. आधीच्या चार वाक्यांत, कोणत्या परिस्थितीत आपण ‘नाही’ म्हटलं असतं, ते असायचं. माहिती एकही चुकीची नसायची. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी लिहिलेलं काही खोटं ठरलेलं मला आठवत नाही, आणि हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे याचंच महत्त्व आहे.

थट्टेत सर्वांत तयार होती ती टेस्टिंग बघणारी सहकारी. त्यांचा अहवाल आला की हिची पहिली प्रतिक्रिया: ‘नमनाचं तेल संपलं. दिवा कितव्या पानावर आहे?’ डेटाबेस सांभाळणारा म्हणायचा, ‘हे मारुतीचं शेपूट आहे. मी या टोकाला बसतो, कोणीतरी तिकडून निघा.’ कॉलेजातून नुकताच आलेला मुलगा बिचकत बिचकत लिहायचा, ‘सर, पुढच्या खंडाची नोंदणी कुठे करायची?’ आणि ग्रंथकारांचं उत्तर त्याच ताकदीचं असायचं: ‘या आक्षेपाला माझी तीन उत्तरं आहेत. त्यांपैकी पहिल्याचे दोन भाग आहेत.’

एकदा टेस्टरने एक आख्खं खोटं पोस्टमॉर्टेम लिहिलं. घटना: ग्रंथकारांचा अहवाल वाचताना वाचक कोसळला. परिणाम: एक वाचक अनुपलब्ध. मूळ कारण: परिच्छेदाला टाइमआउट नाही. तात्पुरता उपाय: वाचक रीस्टार्ट केला. सगळे रकाने जागच्या जागी भरलेले, भाषा अगदी कोरडी. तांत्रिक लोकांच्या विनोदाची ही फार जुनी रीत आहे. इंटरनेटची मानकं ज्या आरएफसी दस्तऐवजांत लिहिली जातात, त्यांत १ एप्रिल १९९० रोजी आलेला आरएफसी ११४९ हा कबुतरांच्या पायाला डेटा बांधून पाठवण्याचा प्रस्ताव आहे, आणि तो खऱ्या मानकाच्याच साच्यात, त्याच गंभीर सुरात लिहिला आहे. २००१ मध्ये नॉर्वेतल्या बर्गनमध्ये काही उत्साही मंडळींनी तो खरोखर राबवूनही दाखवला. साचा आपल्या सगळ्यांचा, म्हणून त्या साच्याची चेष्टाही आपल्या सगळ्यांची. आमच्या टेस्टरच्या त्या खोट्या अहवालावर ग्रंथकारांनी रिव्ह्यूची टीप टाकली की ‘परिणाम’ या रकान्यात वाचकाचा किती वेळ गेला ते मिनिटांत लिहिलेलं नाही, त्यामुळे अहवाल मंजूर करता येत नाही.

मला हे सगळं मनापासून आवडायचं. आमच्या कामात दिवसभर एकमेकांच्या चुकाच काढायच्या असतात, रिव्ह्यू म्हणजे दुसरं काय? जिथे थट्टा चालते तिथे चूक दाखवणाऱ्याला धीर लागत नाही आणि चूक झालेल्याला लाज वाटत नाही. आजही माझं मत तेच आहे. पुढे जे घडलं त्यावरून टीममधली थट्टा बंद करावी असं कोणी म्हटलं, तर मी त्याला विरोध करेन.

एक प्रसंग मात्र तेव्हाच नीट बघायला हवा होता. थट्टेचा सूड म्हणून ग्रंथकारांनी एक आठवडा प्रत्येक कमिटला, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या प्रत्येक बदलाला, एकच शब्द लिहिला: ‘दुरुस्ती’. आम्ही पोट धरून हसलो. आठवड्याच्या शेवटी टेस्टरला एक जुना बदल शोधायचा होता. तिच्यासमोर ओळीने दहा ‘दुरुस्ती’ उभ्या. तिने शरणागती पत्करली: ‘ग्रंथ परत सुरू करा. मौनात काही सापडत नाही.’ विनोद तिथेच संपला. आम्ही त्याच्या पुढचा विचार केला नाही.

रात्रीचे ५०२

आता मूळ बिघाड. सेवेत अधूनमधून ५०२ त्रुटी (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न आल्याची खूण) दिसू लागल्या. संख्येने थोड्या, पण विचित्र: भर दिवसा, रहदारी ऐन जोरात असताना जवळजवळ नाहीत, आणि रात्री सगळं शांत असताना येतात. भार वाढला की मोडतं, हे कोणालाही समजतं. भार कमी झाला की मोडतं, हे पचत नव्हतं. ग्रंथकार त्यामागे काही दिवस लागले आणि त्यांनी ते सोडवलं.

कारण असं. प्रत्येक विनंतीसाठी नवी टीसीपी जोडणी (दोन यंत्रांमधला संवादाचा मार्ग) बांधायला लागू नये म्हणून लोड बॅलन्सर आणि सर्व्हर आपसातल्या जोडण्या उघड्या ठेवतात. याला कीप-अलाइव्ह म्हणतात. रिकामी बसलेली जोडणी किती वेळ सांभाळायची, याची मुदत, म्हणजे टाइमआउट, मात्र दोघांची आपापली. आमच्या लोड बॅलन्सरची ६० सेकंद होती. सर्व्हर नोडजेएसचा (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली), आणि आम्ही वापरत होतो त्या आवृत्तीत ही मुदत मुळातच ५ सेकंद होती. पाच सेकंद काही आलं नाही की सर्व्हर म्हणतो, चला, बंद करतो. हा निरोप वाटेत असतानाच लोड बॅलन्सरने नेमक्या त्याच जोडणीवर नवी विनंती पाठवली, तर ती बंद दारावर आपटते, आणि पलीकडच्या माणसाला ५०२ दिसतो. दिवसा एवढी रहदारी असते की कुठलीच जोडणी सलग पाच सेकंद रिकामी राहत नाही. रात्री राहते.

उपाय सोपा: सर्व्हरची मुदत लोड बॅलन्सरपेक्षा मोठी ठेवायची, म्हणजे जोडणी बंद करायचा पहिला हक्क नेहमी विनंती पाठवणाऱ्याकडे राहतो. त्यांनी ५ चे ६५ केले. त्रुटी थांबल्या.

मग अहवाल आला, सुमारे तीन हजार शब्दांचा. सेवेचा इतिहास, मग आधी संशय कुणाकुणावर घेतला (डेटाबेस, नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस, आणि तात्पुरता साठा ठेवणारी एक निरपराध कॅशे), प्रत्येक संशय कसा फिटला, पॅकेट कॅप्चर, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या डेटाची नोंद, कसं घेतलं, त्यात काय दिसलं. वर मी दोन परिच्छेदांत जे सांगितलं ते त्या अहवालात तेराव्या आणि चौदाव्या परिच्छेदात होतं.

त्या दिवशीची जुगलबंदी आमच्या टीममधली सर्वांत उत्तम होती असं मी म्हणेन. डेटाबेसवाल्याने गणितातलं उदाहरण टाकलं. ऑयलरने १७६९ मध्ये एक अनुमान मांडलं होतं, त्यानुसार चार पंचम घातांची बेरीज पाचव्या संख्येच्या पंचम घाताइतकी होऊ शकत नाही. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन या दोघांनी ते खोडलं. त्यांचा शोधनिबंध दोन वाक्यांचा. संगणकावर शोधून त्यांना २७, ८४, ११० आणि १३३ या संख्या सापडल्या, ज्यांच्या पंचम घातांची बेरीज १४४ च्या पंचम घाताइतकी भरते. ‘जवळजवळ दोनशे वर्षांचं अनुमान दोन वाक्यांत गेलं,’ त्याने लिहिलं, ‘आणि तुमचा एक टाइमआउट तीन हजार शब्दांत.’

ग्रंथकारांचं उत्तर तासाभराने आलं. १९६३ मध्ये फाइट आणि थॉम्पसन यांनी एक प्रमेय सिद्ध केलं: ज्या सांत गटातल्या (गट म्हणजे गणितातली एक रचना) घटकांची संख्या विषम आहे तो प्रत्येक गट सॉल्व्हेबल, म्हणजे टप्प्याटप्प्याने साध्या भागांत उलगडता येणारा, असतो. विधान एका ओळीचं, सिद्धता २५५ पानांची, नियतकालिकाचा आख्खा अंक त्यात गेला. ‘माझी अजून २४० पानं शिल्लक आहेत,’ त्यांनी लिहिलं.

हसून झाल्यावर त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं होतं, ते मी त्या वेळी वरवर वाचलं. ‘लँडर-पार्किनचं उत्तर वाचक स्वतः गुणाकार करून तपासू शकतो, म्हणून त्यांना दोन वाक्यं पुरली. जे वाचकाला घरी तपासता येत नाही ते लिहूनच द्यावं लागतं.’

मजकूर किती लांब असावा याबद्दल मी ऐकलेल्या सर्व सल्ल्यांत मला हाच सर्वांत कामाचा वाटतो, आणि तो एका थट्टेच्या उत्तरात, शेवटच्या ओळीत पडून होता.

दोन ओळी

त्याच आठवड्यात एक बैठक झाली. त्यात टीमबाहेरचे एक वरिष्ठ होते. अहवालाचा विषय निघाला, कोणीतरी नेहमीप्रमाणे ‘ग्रंथ’ म्हटलं, आणि ते वरिष्ठ हसत म्हणाले, ‘पण हे वाचतं कोण?’

शब्द आमच्याच थट्टेसारखे होते. हसले सगळेच, ग्रंथकारही हसले. पण आमच्या थट्टेत एक गोष्ट गृहीत असायची, की आम्ही वाचलं आहे. ‘दिवा कितव्या पानावर’ विचारणाऱ्याने स्क्रोल केलेलं असतं. मारुतीचं शेपूट म्हणणाऱ्याने ते एका टोकाला तरी धरलेलं असतं. ‘वाचतं कोण’ या प्रश्नात ते गृहीत नव्हतं. टीमच्या आतल्या आणि बाहेरच्या थट्टेतला फरक मला त्या क्षणी जाणवला नाही, आणि मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. एवढंच की मी वाचला आहे, आणि निदान परिच्छेद तेरा आणि चौदा तरी तुम्हीही वाचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहवालाच्या जागी दोन ओळी होत्या. ‘रात्रीच्या ५०२ त्रुटी. सर्व्हरची कीप-अलाइव्ह मुदत ५ वरून ६५ सेकंद केली, त्रुटी थांबल्या.’

आम्ही टाळ्या वाजवल्या. चॅटवर ओळीने टाळ्यांची चित्रं, टेस्टरची, डेटाबेसवाल्याची, माझीसुद्धा. नव्या मुलाने लिहिलं, ‘सर, तुम्हीच ना?’

६५ कशासाठी?

काही महिन्यांनी एका मोठ्या डाउनलोडची तक्रार आली. फाइल तयार व्हायला वेळ लागायचा, तेवढा वेळ तारेवर काहीच जायचं नाही, आणि ६० सेकंदांनी लोड बॅलन्सर जोडणी तोडायचा. नव्या मुलाने लोड बॅलन्सरची मुदत ६० ची १२० केली. बदल एका आकड्याचा, वर्णन नीट लिहिलेलं. रिव्ह्यू दोघांनी केला, त्यांत एक मी. काही मिनिटांत मंजूर.

चार दिवसांनी रात्री ५०२ परत आले.

ग्रंथकार रजेवर होते. आम्ही जुना अहवाल उघडला. दोन ओळी. सर्व्हरची मुदत ६५ आहे का? आहे. म्हणजे तो उपाय जागेवर आहे, म्हणजे हे काहीतरी वेगळं आहे, असा निष्कर्ष मी स्वतः काढला. त्या दोन ओळींवरून दुसरा निष्कर्ष निघतही नव्हता. ६५ हा आकडा पुरेसा मोठा म्हणून निवडला असावा असं आम्हाला वाटलं. तो दुसऱ्या एका आकड्याहून मोठा असायला हवा, ही गोष्ट त्या ओळींत कुठेच नव्हती. मग डेटाबेस, डीएनएस, कॅशे. ज्या गल्ल्या ग्रंथकारांनी आधीच तपासून बंद केल्या होत्या त्या सगळ्या आम्ही त्याच क्रमाने परत तपासल्या. चार दिवसांपूर्वीचा बदल यादीत दिसत होता, पण डाउनलोडची मुदत वाढवल्याने दुसऱ्याच विनंत्या का मोडाव्यात, हे कोणाला सुचेना.

दीड दिवसाने पॅकेट कॅप्चरमध्ये सर्व्हरचा बंद करण्याचा निरोप आणि नवी विनंती एकमेकांना ओलांडताना दिसल्या. आकडा होता ६५ सेकंद. मग लख्ख दिसलं: लोड बॅलन्सर १२०, सर्व्हर ६५, जुनीच शर्यत नव्या आकड्यांनी.

टेस्टरला आठवलं की दस्तऐवजाच्या जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात. तिने मूळ अहवाल उघडला. चौदाव्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य: ‘लोड बॅलन्सरची मुदत पुढे कधी वाढवली, तर सर्व्हरची मुदत त्याच दिवशी वाढवावी लागेल, नाहीतर हा बिघाड परत येईल.’

आम्ही तिघं ते वाक्य वाचत काही वेळ गप्प होतो.

पाल्हाळ नेमकं कुठे होतं

नंतरच्या आठवड्यात मी तो तीन हजार शब्दांचा अहवाल छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन बसलो. कुठलं वाक्य कोणाच्या उपयोगाचं, एवढाच प्रश्न. घटना-अहवालाचे वाचक मला तीन प्रकारचे दिसले. एक, रात्री दोन वाजता तोच बिघाड समोर असलेला माणूस, ज्याला ‘काय करू’ हवं असतं. दुसरा, आठवड्यात एकदा चाळणारा, त्याला ‘सुटलं का’ एवढंच हवं. तिसरा, सहा महिन्यांनी त्याच आकड्याला हात लावणारा. त्याला ‘का’ हवं असतं, आणि गंमत अशी की अहवाल लिहिला जातो तेव्हा हा तिसरा वाचक खोलीत नसतो. थट्टा करायला पहिले दोन हजर असतात, तिसरा नसतो. त्यामुळे थट्टेतून कापायची मागणी येते ती नेहमी त्याच्या वाट्याच्या मजकुरावर.

पेन्सिलीने मोजलं तर निम्म्याहून अधिक मजकूर खरंच जायला हवा होता. सेवेचा इतिहास कोणाच्याच कामाचा नव्हता. एकच गोष्ट ‘म्हणजेच’ म्हणून तीनदा आली होती. ‘माझ्या मर्यादित समजुतीनुसार’ अशी वाक्यं, जी वाचकाला काही देत नाहीत आणि लिहिणाऱ्याला फक्त ढाल देतात, ती डझनभर होती. आणि मुख्य दोष क्रमाचा होता. ग्रंथकारांनी जसं शोधलं तसं लिहिलं होतं. शोधताना कारण शेवटी सापडतं, पण वाचणाऱ्याला ते आधी हवं असतं. तांत्रिक माणसांचं लांबलेलं लिखाण मी आता जिथे जिथे बघतो तिथे नव्वद टक्के वेळा असं म्हणावंसं वाटतं (हे मोजमाप नाही, माझा अंदाज आहे) की शब्द जास्त नाहीत, शोधाचा क्रम वाचनाच्या क्रमाच्या जागी बसला आहे. त्यामागे एक मानवी कारणही आहे. तीन रात्री घालवून सापडलेलं उत्तर तीन वाक्यांत सांगितलं, तर त्या तीन रात्री कुठे गेल्या? फसलेल्या वाटांची यादी हा त्या कष्टांचा पुरावा असतो. तो मागणं चूक नाही. तो वर ठेवणं चूक.

आपल्याकडे या वादाला फार जुनी परंपरा आहे. अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी वैयाकरणांना पुत्रजन्माइतका आनंद होतो, हे नागेशभट्टांच्या परिभाषेंदुशेखर या व्याकरणग्रंथातलं वचन टेस्टरने पूर्वी कधीतरी ग्रंथकारांच्या तोंडावर फेकलं होतं. मी या वेळी सूत्राची व्याख्या काढून बघितली: ‘अल्पाक्षरमसंदिग्धं सारवद्विश्वतोमुखम्। अस्तोभमनवद्यं च सूत्रं सूत्रविदो विदुः॥’ थोडी अक्षरं हा पहिलाच गुण आहे, पण त्याच्या पाठोपाठ लगेच ‘असंदिग्ध’ आहे. आमच्या थट्टेत पहिला शब्द होता, दुसरा नव्हता. दोन ओळींचा अहवाल अल्पाक्षर होता आणि पूर्ण संदिग्ध होता, कारण ६५ म्हणजे ‘६० पेक्षा जास्त’ की ‘पुरेसा मोठा’ हे त्यातून ठरत नव्हतं. ‘अस्तोभ’ हा शब्द तर मला फारच भावला. सामगायनात सूर भरायला घातलेली, अर्थ नसलेली अक्षरं म्हणजे स्तोभ. ‘माझ्या मर्यादित समजुतीनुसार’ हे स्तोभ आहेत. चौदावा परिच्छेद स्तोभ नव्हता. १९९५ च्या आरएफसी १८५५ मध्येही, नेटवरच्या शिष्टाचाराच्या नियमांत, थोडक्यात लिहा पण अति तुटक नको, असंच सांगितलं आहे. कापा म्हणणाऱ्यांनी दोन्ही टोकं सांगायची असतात.

आणि पाणिनीची सुमारे चार हजार सूत्रं आहेत म्हणून पतंजलींना महाभाष्य लिहावं लागलं, हेही खरंच.

बोलणं

ग्रंथकार रजेवरून आल्यावर मी त्यांच्याशी बोललो. माफी मागायची होती, ती मागितली. ते म्हणाले, ‘अरे, थट्टेचं मला कधीच वाईट वाटलं नाही. थट्टेत कळायचं की तुम्ही कुठवर आलात.’ मग जरा थांबून, ‘टाळ्यांचं वाटलं.’

त्यांच्या सगळ्या लिखाणात इतकं छोटं आणि इतकं असंदिग्ध वाक्य मी वाचलेलं नाही.

अजून एक गोष्ट मला तेव्हा उमगली, आणि ती या प्रकरणातली मला सर्वांत बोचणारी आहे. नव्या मुलाने सुरुवातीला एका पुल रिक्वेस्टचं वर्णन लांबलचक लिहिलं होतं, आणि मी त्यावर ‘ग्रंथकारांचा शिष्य सापडला’ असं लिहिलं होतं. प्रेमाने लिहिलं होतं. त्यानंतर कित्येक आठवडे त्याच्या वर्णनांत एकेकच ओळ होती. मी त्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘सर, मला वाटलं तुम्ही रागावलात.’ ग्रंथकारांकडे परतफेड करायला वर्षांची पुण्याई होती, शब्द होते, फाइट-थॉम्पसन होते. त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. तेच वाक्य खालून वर गेलं तर चेष्टा ठरते, वरून खाली आलं तर आदेश ठरतो. टीम सांभाळणाऱ्याने नव्या माणसाच्या लिहिण्याची थट्टा करू नये, असं मला आता ठामपणे वाटतं. त्याला कुठे कापायचं ते सरळ सांगावं.

नंतर

आता अहवाल दोन भागांत लिहितो. वर सूत्र, खाली भाष्य, ही नावं ग्रंथकारांनीच दिली. सूत्र पाच ओळींच्या आत: काय झालं, का झालं, काय केलं, आणि पुढे कोणी कशाला हात लावला तर हे परत मोडेल. ही शेवटची ओळ रिकामी असेल तर अहवाल मंजूर होत नाही. भाष्य कितीही लांब चालतं. दुसरा नियम टेस्टरचा: थट्टा करायची तर परिच्छेदाचा क्रमांक द्यायचा. ‘फार लांब’ हे चालत नाही. ‘परिच्छेद ४ मध्ये मला झोप लागली, ६ मध्ये जाग आली’ हे चालतं. ग्रंथकार अशा प्रतिक्रिया घेऊन खरोखर ४ आणि ५ कापतात. कधी कधी ४ ला चिकटून राहतात आणि का, ते एका पानात सांगतात. त्यांचं चॅटवरचं ‘हो’ अजूनही पाचव्या वाक्यात असतं. त्यावर कोणाकडे इलाज नाही.

दोन मुदतींचा संबंध मात्र आम्ही कोणाच्या स्मरणावर सोडला नाही. डिप्लॉयच्या आधी दोन्ही आकडे वाचून पडताळणारी एक छोटी तपासणी लिहिली. सर्व्हरचा आकडा लहान निघाला की डिप्लॉय थांबतं. तिचा त्रुटी-संदेश लिहायचं काम ग्रंथकारांकडे गेलं. पहिला मसुदा अकरा ओळींचा आला. टेस्टरने लिहिलं, ‘ओळ ३ ते ९ मध्ये वाचक बेपत्ता.’ दुसरा मसुदा आला:

‘सर्व्हरची कीप-अलाइव्ह मुदत लोड बॅलन्सरच्या मुदतीपेक्षा जास्त हवी. आत्ता कमी आहे. का हवी, ते मूळ अहवालात, परिच्छेद १४.’

मंजुरी देताना तिने खाली टीप जोडली: ‘परिच्छेद १४ पर्यंत जाऊन आले. वाटेत १ ते १२ लागतात, सोबत कोणीतरी न्यावं.’ त्याखाली ग्रंथकारांचं उत्तर आहे, आणि त्याला चार भाग आहेत.